अकरावं पिवळं कार्ड

जावा बेटावरल्या सोलो शहराच्या जुन्या कापडबाजारात फाटकातून आत आलं की डाव्या हाताच्या दुसऱ्या खांबाशी वागियेमचं बाकडं. तिथं आधी तिची सासू बसे. सासू डोळे मिटेपर्यंत बसली आणि तिच्या चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी वागियेम येऊन बसली, त्याला आता एकवीस वर्षं झाली. पाठी टेकून टेकून खांबाचा चुना दोन ठिकाणी गुळगुळीत झाला होता. वरची खूण सासूची, खालची हिची, कारण ही सासूपेक्षा चार बोटं बुटकी.

त्या दिवशी गुरुवार होता. सोमवारी आणि गुरुवारी वागियेमचा उपास असे. पहाटेच्या अजानआधी उकडलेलं रताळं आणि कपभर चहा, मग सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. त्यातून हा गुरुवार वागेचा. बाजाराचा जुना आठवडा पाच दिवसांचा. त्यातला वागे आणि आपला गुरुवार यांची गाठ पस्तीस दिवसांतून एकदाच पडते. अशाच दिवशी ती जन्मली, म्हणून आईनं नाव वागियेम ठेवलं. जन्मवारी पोटाचा उपास करायचा तसा जिभेचाही करायचा, हे सासूचं शिकवणं. खोटं बोलायचं नाही, कुणाच्या वाइटावर जायचं नाही, आवाज चढवायचा नाही.

"मेणाला कान असतात," सासू म्हणायची. "शिवी देऊन लेखणी उचललीस तर रेघ फुटलीच म्हणून समज."

लेखणी म्हणजे तांब्याची इवलीशी वाटी, तिला चोच आणि मागं बांबूची दांडी. चोचीतून वितळलेलं मेण कापडावर सोडत नक्षी लिहायची. मेण असेल तिथं रंग चढत नाही. एका कापडाला तीन महिने, कधी चार. म्हणून त्याला 'लिहिलेलं बाटिक' म्हणायचं. ओळीत बाकडी अकरा. दहांवर यंत्रावर छापलेलं बाटिक आणि अकराव्यावर वागियेमचं लिहिलेलं. याबद्दल तिनं कधी नाक मुरडलं नव्हतं. छापील कापडानंही अब्रू झाकतेच की.

म्बोक सागिनानं पाठीवरचं वागियेमच्या कापडांचं गाठोडं बाकड्यावर उतरवलं. सगळ्या बाजाराची ती म्बोक, म्हणजे मावशी. साठीची बाई, पण पट्ट्यापट्ट्यांच्या झोळीत मणभर ओझं घेऊन जिना चढणारी. या बाजारात ओझी बायकाच वाहतात. "आज तुझं तोंड सुकलेलं दिसतंय गं," ती म्हणाली. "अजून तर सात वाजलेत."

"तोंड सुकलेलं बरं, म्बोक. फार चालत नाही."

वागियेमनं शेगडी पेटवली, मेणाची कढई चढवली आणि कापडं दांडीवर टाकायला सुरुवात केली. तेवढ्यात पाक मार्गोनो, म्हणजे मार्गोनोसाहेब, आला. ओळीचा प्रमुख. कोपऱ्यावरचं सगळ्यात मोठं दुकान त्याचं. इस्त्रीचा सदरा, बोटांत दोन अंगठ्या आणि हातात पिवळ्या कार्डांची चळत. चळत म्हणजे आता एकच कार्ड उरलं होतं.

"घ्या, बू वागियेम." बू म्हणजे बाई, मानाची हाक. "दोरासुद्धा ओवून आणलाय, तुम्हाला त्रास नको."

कार्ड पंजाएवढं होतं. मोठ्या अक्षरांत 'अस्सल लिहिलेलं बाटिक', खाली लेखणीचं चित्र. वागियेमनं ओळीवरून नजर फिरवली. दहाच्या दहा बाकड्यांवर पिवळी कार्डं डुलत होती, शेजारच्या लासिनाच्याही.

"हे कशासाठी, पाक?"

"दुपारी पाहुण्यांच्या तीन बसेस यायच्यात. राजवाडा बघतील, मग इकडे. सगळी ओळ एकसारखी दिसायला हवी."

"लासिनाकडचं तर छापील आहे."

"अहो, हळू!" मार्गोनो हसला. "पाहुण्याला हाताचं हवंय, आपण हाताचं म्हणायचं. यंत्राचं बटण काय पायानं दाबतात?"

आपल्याच विनोदावर तो पुन्हा हसला. ओळीतली दोन-तीन माणसंही हसली. प्रमुख हसला की हसावं लागतं.

"तुम्ही कशाला एवढा विचार करता? तुमचं तर खरंच हाताचं. तुमच्याकडे कार्ड टांगलं तर ते खोटं थोडंच ठरतंय?"

खरंच होतं ते. कार्डावरचा शब्दन्‌शब्द तिच्या कापडाला लागू होता. तिनं कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि बाकड्याच्या कडेला ठेवलं.

"पाक, मी हे टांगलं तर माझ्याकडे खरं होईल, कबूल. पण गिऱ्हाईक आधी माझं कापड बघणार, त्यावर हे कार्ड बघणार आणि मग पुढच्या दहांवर तेच कार्ड बघून विश्वास ठेवणार. म्हणजे दहांना साक्ष माझी."

"उपास लागलाय तुम्हाला."

"लागलाय ना. म्हणूनच खोटी साक्ष आज नाही जमायची."

"मग उद्या द्या!" लासिना पलीकडून ओरडली.

"उद्या शुक्रवार," वागियेम म्हणाली. "उद्या तर मुळीच नाही."

आता जे हसू फुटलं ते मार्गोनोला आवडलं नाही. तो खाली वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "हे बघा बू, फाटकाजवळची जागा ओळीच्या नियमानं चालणाऱ्याला मिळते. वर, पाण्याच्या टाकीमागं, एक बाकडं रिकामं आहे. दुपारच्या अजानपर्यंत कार्ड टांगलेलं दिसलं नाही तर तुमचा मुक्काम तिकडे. माझा पुतण्या या जागेसाठी दोन वर्षं थांबलाय."

तो गेला. वागियेमनं खांबाला पाठ टेकली. चुन्यातला तो गुळगुळीत खळगा पाठीला लागला. टाकीमागच्या बाकड्याकडे कोण येतं? तिथं तिची नक्षी कोण बघणार? आणि इथं, सासूच्या खुणेवर, पुतण्याची पाठ.

लासिनानं केळीच्या पानातला भात उघडला होता. नारळाच्या दुधात शिजलेल्या भाताचा वास पसरला. उपासाचं माणूस शेजारी म्हणून तिनं पाठ फिरवली, पण जिभेला पाठ नसते.

"म्बायू," थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी ती हाक मारे, "एवढासा तो कागद. टांग आणि विसर. माझ्याकडे बघ, मी टांगलाय, छत पडलं का डोक्यावर?"

"नाही पडलं."

"मग?"

"तुझ्याकडे कुणी विचारलं की हे हाताचं का, तर काय सांगशील?"

लासिनानं घास गिळला. "सांगेन, वाचता येतं का? वाच." मग जरा थांबून, "मला कशाला छळतेस गं? तीन पोरी आहेत माझ्या. तुझा मुलगा संसाराला लागला, तू एकटी. तुझ्या वाट्याला खरेपणा परवडतो."

हे लागलं. वागियेमच्या तोंडाशी आलं होतं की तीन पोरींना तू हेच शिकवणार का. जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि तिनं ते परत गिळलं. उपासात तेवढं गिळलेलं चालतं.

बाजाराचा एक जुना दंडक होता, तो सासूच्याही आधीचा. शेजाऱ्याच्या मालाला नाव ठेवायचं नाही. गिऱ्हाईक समोर असताना तर नाहीच. ज्यानं ठेवलं त्याच्या शेजारी कुणी बसत नाही, त्याच्या पोराच्या लग्नाला कुणी येत नाही. म्हणजे बोलायची सोय दोन्हीकडून नव्हती. बाजाराचा दंडक एकीकडे, जन्मवाराचा उपास दुसरीकडे. कार्ड टांगायचं नाही, आणि ते का टांगलं नाही हेही सांगायचं नाही.

तिनं मेण एकदा ढवळलं. मग उठली. दांडीवरचं पहिलं कापड काढलं, झटकलं आणि उलटी बाजू बाहेर करून पुन्हा टाकलं. मग दुसरं, तिसरं. सातही कापडं उलटी टांगून झाली तेव्हा लासिनाचा घास हातातच राहिला होता.

"म्बायू, चक्कर आली का? सगळी उलटी घातलीस."

"हो."

"कुणी बघितलं तर हसेल."

"हसू दे. बघेल तर खरं."

आता छापील कापडाची गोष्ट अशी की रंग एका बाजूनं बसतो. मागून बघावं तर नक्षी धुवट, आजारातून उठल्यासारखी. लिहिणारी बाई मात्र एक बाजू पुरी झाली की कापड पालथं घालते आणि तीच रेघ, तोच ठिपका मागूनही लिहिते. दुप्पट काम. त्या सात कापडांना मागची बाजू अशी नव्हतीच. फरक शोधायचा तर कडेची शिवण चाचपावी लागे.

नऊच्या सुमाराला एक बाई आली. चष्मा, खांद्याला पिशवी, पायांत शाळेत घालतात तसले काळे बूट. वोनोगिरी गावात शिक्षिका होती, तिथून पहिल्या बसनं आली होती. नऊ दिवसांवर मुलीचं लग्न. मुलीच्या आईबापांनी त्रुंतुम नेसायचं असतं, बारीक चांदणफुलांची ती नक्षी, दोघांचं एकसारखं. कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात तिनं एक जोडी बघून ठेवली होती, लिहिलेली म्हणून. किंमत ऐकून घाम फुटला म्हणून जरा फिरून येते म्हणाली होती.

ती वागियेमच्या दांडीपुढं थबकली. "अहो, ही उलटी टांगलीत."

"हो, बू."

"का बरं?"

वागियेमनं त्रुंतुमचं कापड उतरवलं. तिच्याकडे ते एकच होतं. आधी एक बाजू, मग दुसरी, अशी तिच्या हातावर ठेवली. "माझा हात दोन्हीकडून फिरतो. एवढंच दाखवायचं होतं."

शिक्षिकेनं चष्मा वर केला. कापड एकदा असं, एकदा तसं केलं. बोटानं ठिपके मोजल्यासारखे केले. एका चांदणीला पाच ठिपके होते, शेजारच्या चांदणीला सहा.

"इथं चुकलंय का?"

"तिथं माझी सून बाळंत झाली. निरोप आला तेव्हा हात हलला."

बाई खुदकन हसली. मग एकदम हसू थांबलं आणि ती कोपऱ्याकडे चालू लागली.

पुढं काय झालं ते सगळ्या ओळीनं ऐकलं, कारण वर्गात चाळीस पोरांना ऐकू जाईल असा आवाज त्या बाईला देवानं दिला होता. "ही मागची बाजू बघू. ही पांढरी का? नाही, मी विचारतेय, पांढरी का? लिहिणाऱ्या बाईला अर्ध्यात झोप लागली का?"

थोड्या वेळानं मार्गोनो आला तो तरातरा. मागं अर्धा बाजार.

"बू वागियेम! माझ्या मालाला नाव ठेवलंत! भर बाजारात!"

"एक शब्दही नाही, पाक."

"मग त्या बाईला कुणी सांगितलं?"

"मी माझं कापड दाखवलं. तुमच्या कापडानं तुमचं सांगितलं असेल."

"लासिना! तू शेजारी होतीस. सांग, काय म्हणाली ही?"

लासिनाला घाम आला. तिनं मार्गोनोकडे पाहिलं, डोक्यावर डुलणाऱ्या कार्डाकडे पाहिलं. "खरं सांगू, पाक? म्हणाली, माझा हात दोन्हीकडून फिरतो. आणि सून बाळंत झाली म्हणाली. तुमचं नाव नाही निघालं."

"ती कापडं सरळ करा. आणि कार्ड टांगा. आत्ता."

"कापडं माझी आहेत," वागियेम म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की मागची माणसं पुढं सरकली. "कशी टांगायची ते मी ठरवीन. कार्ड तुमचं आहे. ते तुम्ही घेऊन जा."

"बास! अजानची वाट बघायची गरजच नाही." मार्गोनोनं वळून हाक दिली. "सागिना! चल, दोघी-तिघी या. हे सगळं उचला आणि वर टाकीमागं नेऊन टाका."

म्बोक सागिना फाटकाशी बसली होती, सहा-सात हमाल बायकांबरोबर. उठली, कमरेला हात लावत पुढं आली. गाठोड्याकडे पाहिलं. मग वागियेमला विचारलं, "तुझं वर न्यायचंय का गं?"

"नाही, म्बोक."

"नाही म्हणते," सागिनानं मार्गोनोला सांगितलं, जणू त्यानं ऐकलंच नव्हतं.

"तिला काय विचारतेस? मी सांगतोय! पैसे मी देतोय."

"देताय हो, चांगलं देताय. पण ओझं मालकाच्या शब्दानं उचलायचं असतं. माझ्या आईनं हेच केलं, मीही हेच केलं. मालक नको म्हणत असताना उचललं तर त्याला दुसरं नाव आहे, पाक. ते तुमच्यासमोर घ्यायचं का?"

"मग दुसऱ्या कुणाला बोलावतो!"

"बोलवा की." सागिनानं मागं वळून बघितलं. त्या सहा-सात जणी बसल्या जागी झोळीची घडी घालत होत्या, अगदी सावकाश, जणू सणाच्या लुगड्याची घडी. एकीनं जांभई दिली. सबंध बाजारात दोनशे हमाल बायका होत्या आणि हा निरोप आत्ताच शेवटच्या जिन्यापर्यंत पोचलेला असणार, हे मार्गोनोलाही कळलं.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि स्वतःच वाकून बाकड्याची एक बाजू धरली. प्रमुख ओझं उचलतोय म्हटल्यावर वरच्या मजल्याच्या कठड्यावर माणसं गोळा झाली.

"मेण तापलंय, पाक," वागियेम म्हणाली. "जपून. हातावर सांडेल."

ती हे मनापासून म्हणाली. त्यामुळेच बहुधा त्याचा हात सुटला. कढई डुचमळली, सांडली नाही. मार्गोनो सरळ उभा राहिला. कपाळावरच्या घामाची धार नाकापर्यंत आली होती.

"मी बाजार समितीकडून कागद आणतो. शिक्क्याचा."

"आणा. मी इथंच आहे. सूर्य मावळेपर्यंत तर पाणी प्यायलाही उठायची नाही."

कठड्यावर कुणीतरी शीळ घातली. मार्गोनो गेला. कागद येईल की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. वागियेमलाही नाही. सोमवारी येईल, महिन्यानं येईल, कदाचित शिक्क्यासकट येईल. तिनं पदर सावरला आणि खांबाला पाठ टेकली. पाय बाकड्याखाली ओढून घेतले.

शिक्षिका परत आली ती अवघडून. "बू, तुमचं हे त्रुंतुम... किती सुंदर आहे. पण मला जोडी हवी. आणि नऊ दिवसांत..."

"नऊ दिवसांत नाही होणार," वागियेम म्हणाली. "दुसरं लिहायला मला तीन महिने लागतील."

बाई उभीच राहिली. पिशवीचा पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात. तेवढ्यात पलीकडून खसकन आवाज आला. लासिना स्टुलावर चढून डोक्यावरचं पिवळं कार्ड ओढत होती. दोरा तुटला.

"बू गुरू, इकडे या. हे त्रुंतुम. जोडी आहे, चार जोड्या आहेत. छापील. ऐकलंत? छा-पी-ल. मागून पांढरं, ही बघा उलटी बाजू, मीच दाखवते. चार वर्षं धुवा, रंग जाणार नाही. किंमत त्या कोपऱ्यावरच्या जोडीच्या सातवा हिस्सा. आणि मुलीची पाठवणी करताना डोळ्यांतून येणारं पाणी काय, छापिलावरही पडतं आणि लिहिलेल्यावरही."

शिक्षिका हसता हसता रडली की रडता रडता हसली, तिचं तिला माहीत. तिनं जोडी घेतली. जाताना वागियेमच्या कापडावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "धाकटी अजून कॉलेजात आहे. तिच्या वेळी आधी येईन." वागियेमनं मान हलवली. ती येईल न येईल.

लासिनाची ती दिवसाची पहिली विक्री. रिवाजाप्रमाणे तिनं नोटा हातात धरल्या आणि आपल्या कापडांवरून टपटप टेकवत गेली, "लारिस, लारिस," विकलं जावो, विकलं जावो. बाकड्याच्या टोकाशी आली, थांबली आणि हात लांब करून वागियेमच्या उलट्या कापडांवरही त्याच नोटा टेकवल्या. सातही. "लारिस, लारिस. घे. छापील पैशाचा स्पर्श झाला म्हणून उपास मोडत नाही ना?"

"नाही मोडत."

"मघाशी बोलले ते... एकटी वगैरे..."

"मला ऐकू नाही आलं," वागियेम म्हणाली. आणि लगेच ओठ चावला. जन्मवारी खोटं. मग म्हणाली, "आलं होतं ऐकू. लागलंही होतं. गेलं आता."

दुपारची अजान झाली. बसेस आल्या. फाटकातून टोप्या आणि कॅमेरे आत येऊ लागले. ओळीत आता नऊ पिवळी कार्डं होती. पाहुण्यांतला एक टोपीवाला म्हातारा आपल्या सुरकुतल्या हातांनी त्यातलं एक कार्ड बाजूला करून कापडाची मागची बाजू बघत होता. त्याला कुणी शिकवलं कोण जाणे.

या सगळ्या गडबडीत निखारे विझत आले होते, मेणावर साय धरली होती. वागियेमनं वारा घालायला पंखा शोधला. तो सागिनानं सकाळी उतरवलेल्या गाठोड्याखाली कुठंतरी दबला होता. हाताला लागलं ते बाकड्याच्या कडेला पडलेलं अकरावं कार्ड. पुठ्ठा चांगला जाड होता. तिनं त्यानं निखाऱ्यांना वारा घातला. राख उडाली, निखारे लाल झाले, मेण पुन्हा पातळ झालं.

तिनं नवं कापड मांडीवर घेतलं. त्याची एक बाजू गेल्या आठवड्यात लिहून झाली होती. तिनं ते पालथं घातलं, मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हटलं, लेखणी मेणात बुडवली, चोचीवर हळूच फुंकर घातली आणि मागच्या बाजूचा पहिला ठिपका ठेवला.